आरशापुढचा वाढदिवस : लहान मुलींच्या मेकअप-पार्ट्यांचा इतिहास

१/
इ.स. २०००. अमेरिकेतील शिकागो परिसरात मेरी ड्रोलेट नावाच्या उद्योजिकेने एक दुकान उघडले. नाव ‘क्लब लिबी लू’. गिऱ्हाईक : शाळकरी मुली. मुलीचा वाढदिवस असला की ती मैत्रिणींना घेऊन येथे येई. कोणाला राजकन्या व्हायचे असे, कोणाला पॉप गायिका. दुकानातील ताई केस बांधून देत, गालावर चमकी लावीत, नखे रंगवीत. मग नाच, छायाचित्रे आणि निघताना हातात चमकदार पिशवी. थोड्याच वर्षांत अमेरिकेच्या मॉलमॉलमध्ये या दुकानाच्या शाखा दिसू लागल्या.

२/
आज या पार्टीचे रूप बदलले आहे. चमकीची जागा फेसमास्कने घेतली, राजकन्येच्या मुकुटाची जागा स्पामधील पांढऱ्या झग्याने. दहा वर्षांची मुलगी मैत्रिणींसमवेत क्लेन्झर, टोनर, सीरम या क्रमाने चेहऱ्याची ‘निगा’ राखते. हे सारे समाजमाध्यमांमुळे अचानक उद्भवले, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या पार्टीत तीन निरनिराळे इतिहास एकत्र आले आहेत : वाढदिवसाचा, प्रसाधनांचा आणि घरगुती विक्रीचा. आजचा थ्रेड या तिन्हींवर.

३/
प्रथम वाढदिवस. आपले नेमके वय किती, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकन समाजात फारसा महत्त्वाचा नव्हता, असे इतिहासकार हॉवर्ड चुडाकॉफ यांनी दाखवून दिले आहे. खेड्यातील एकाच खोलीच्या शाळेत सहा वर्षांचे मूल आणि सोळा वर्षांचा मुलगा शेजारी बसत. शेतावरच्या कामात, चर्चमध्ये, खेळातही वयांची सरमिसळ असे. बालपण कोठे संपते आणि मोठेपण कोठे सुरू होते, हे अंगातील बळावर आणि घरच्या गरजेवर ठरे.

४/
हे चित्र शाळेने बदलले. १८४० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनमधील क्विन्सी शाळेत मुलांची वयानुसार आणि प्रगतीनुसार वर्गवारी करून प्रत्येक वर्गाला स्वतंत्र खोली देण्यात आली. ही पद्धत शहराशहरांत पसरली. मूल आता दिवसाचे अनेक तास केवळ समवयस्कांच्या सहवासात घालवू लागले. शतकाच्या उत्तरार्धात मध्यमवर्गीय घरांत मुलांच्या वाढदिवसाच्या मेजवान्या रूढ झाल्या. केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याची जर्मन चाल तेथेही रुजली. पाहुणे कोण? वर्गातील सोबती.

५/
हा बदल वरवर किरकोळ वाटतो. परिणाम मात्र खोल आहे. पूर्वी मुलीकडे पाहणारे डोळे आजीचे, आत्याचे, धाकट्या भावंडाचे असत. समवयस्कांच्या मेजवानीत ते डोळे तिच्याच वयाच्या दहा-बारा मुलींचे झाले. आपण इतरांसारख्या आहोत की नाही, हे जोखण्याची जागा म्हणून वाढदिवसाची पार्टी तेव्हापासून उभी आहे. मेकअप त्यात पुष्कळ उशिरा आला.

६/
आता दुसरा धागा : प्रसाधने. युरोपात गोरेपणासाठी पांढऱ्या शिशाचा लेप वापरीत. आयर्लंडमधून लंडनला आलेली आणि सौंदर्यासाठी गाजलेली मारिया, काउंटेस ऑफ कॉव्हेंट्री, १७६० मध्ये अवघ्या २७ व्या वर्षी मरण पावली. शिशाच्या लेपानेच तिचा घात केला, असा तत्कालीन समज होता. एकोणिसाव्या शतकात चेहरा रंगवणे हे नीतीलाही घातक मानले जाऊ लागले. रंगवलेला चेहरा म्हणजे खोटा चेहरा, आणि खोटा चेहरा म्हणजे संशयास्पद चारित्र्य, असे ते समीकरण होते.

७/
येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. तो पुढे कामी येणार आहे. इतिहासकार कॅथी पाइस यांनी दाखवले आहे की, त्या काळी ‘रंग’ आणि ‘निगा’ यांत स्पष्ट भेद केला जाई. गालाला लाली लावणे निंद्य, पण त्वचा मऊ राहावी म्हणून घरी केलेले मलम लावणे शिष्टसंमत. पहिल्यात लपवाछपवी होती, दुसऱ्यात स्वच्छता आणि आरोग्य. म्हणजे ज्या दारातून लाली आत येऊ शकत नव्हती, त्याच दारातून क्रीमची बरणी निर्धास्तपणे आत जात होती.

८/
याच सुमारास घरात आणखी एक वस्तू आली : मोठा आरसा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्यमवर्गीय घरांच्या न्हाणीघरात आरसे बसू लागले. पुढे विजेचा दिवाही आला. इतिहासकार जोन जेकब्स ब्रुम्बर्ग यांनी अमेरिकन मुलींच्या शंभराहून अधिक वर्षांच्या रोजनिश्या अभ्यासून ‘द बॉडी प्रोजेक्ट’ हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. आरसा एकांतात, लख्ख उजेडात आणि रोज समोर आल्यावर मुरूम हा मुलींच्या चिंतेचा विषय कसा बनला, याचे त्यात मार्मिक विवेचन आहे.

९/
त्याच ग्रंथातील दोन रोजनिश्या इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नयेत अशा आहेत. १८९२ मध्ये एक मुलगी संकल्प करते तो असा : स्वतःविषयी कमी बोलायचे, विचार करून बोलायचे, इतरांकडे अधिक लक्ष द्यायचे. १९८२ मधील मुलगीही स्वतःला सुधारण्याचाच संकल्प करते. पण तिच्या यादीत वजन कमी करणे, नवे केस, नवा मेकअप, नवे कपडे या गोष्टी आहेत. नव्वद वर्षांत ‘चांगली मुलगी होणे’ या शब्दांचा अर्थ स्वभावाकडून शरीराकडे सरकला. हे अंतर कसे कापले गेले?

१०/
एलिझाबेथ आर्डन यांनी १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर आपले सलून उघडले. १९२० च्या दशकात चित्रपट, मासिके आणि नोकरी करणाऱ्या तरुणी यांमुळे लिपस्टिक प्रतिष्ठित झाली. पण प्रतिष्ठेबरोबर एक अलिखित सीमाही आली. लिपस्टिक हे मोठेपणाचे चिन्ह ठरले. म्हणूनच ती कोणत्या वयात लावायची, यावर घरोघरी माय-लेकींचे वाद होऊ लागले. परवानगी आईची, वाट पाहणे मुलीचे.

११/
डबीत काय आहे, हे मात्र कोणी तपासत नव्हते. अमेरिकेच्या १९०६ च्या अन्न व औषध कायद्यात सौंदर्यप्रसाधनांचा समावेशच नव्हता. १९३३ च्या सुमारास ‘लॅश ल्युअर’ नावाच्या पापण्यांच्या रंगाने एका स्त्रीची दृष्टी गेली. त्यात डांबरापासून काढलेला तीव्र रासायनिक रंग होता. सरकारी अधिकाऱ्यांनी तिची आधीची व नंतरची छायाचित्रे एका प्रदर्शनात मांडली. वृत्तपत्रांनी त्या प्रदर्शनाला ‘भयालय’ अशा अर्थाचे नाव दिले. अखेर जून १९३८ मध्ये नवा कायदा झाला आणि प्रसाधने प्रथमच केंद्र सरकारच्या नियंत्रणाखाली आली.

१२/
आता वयाची सीमा खाली सरकते. सप्टेंबर १९४४ मध्ये ‘सेव्हन्टीन’ हे मासिक सुरू झाले. केवळ लेख छापून ते थांबले नाही. त्याने वाचक मुलींची पाहणी करवली आणि जाहिरातदारांपुढे ‘टीना’ नावाची काल्पनिक मुलगी उभी केली. टीनाजवळ खर्चायला पैसे आहेत, घरच्या खरेदीवर तिचा प्रभाव आहे आणि तिला सर्व बाबतींत मैत्रिणींसारखे व्हायचे आहे, असे त्यांना पटवून देण्यात आले. शाळेने निर्माण केलेला समवयस्कांचा गट आता बाजारपेठ म्हणून मोजला गेला.

१३/
टीनाच्याही खालच्या वयाचे काय? १९५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या टॉम फील्ड्स कंपनीने खास लहान मुलींसाठी ‘टिंकरबेल’ नावाची प्रसाधने बाजारात आणली. पुढे त्यांतील सालीसारखे सोलून काढता येणारे नेलपॉलिश बरेच प्रसिद्ध झाले. मार्च १९५९ मध्ये बार्बी आली. १९७३ मध्ये ओहायोच्या बॉन बेल कंपनीने ‘लिप स्मॅकर’ आणले : लिंबू, हिरवे सफरचंद, स्ट्रॉबेरी. ही लिपस्टिक नव्हती, ओठ फुटू नयेत म्हणून लावायचे वासाचे मलम होते. आईला हरकत घेण्याजोगे त्यात काही नव्हते. सातव्या पोस्टमधील ते दार आठवते?

१४/
या टप्प्यापर्यंतच्या वस्तूंचा एक समान गुण होता. त्या खेळाच्या होत्या. आईची साडी गुंडाळून आरशापुढे मिरवणारी मुलगी ‘मी मोठी झाले’ असे सोंग घेते. खेळ संपला की साडी सोडते. सोलून निघणारे नेलपॉलिश हे त्याच जातीचे. मुलगी नटते, हसते, जेवायच्या आधी सोलून टाकते. आपल्या नखांत काही उणे आहे, असे ते नेलपॉलिश तिला सांगत नव्हते. सोंग आणि दुरुस्ती यांतला हा फरक पुढच्या कथेचा कणा आहे.

१५/
तिसरा धागा : घरगुती विक्री. ‘स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स’ ही अमेरिकन कंपनी झाडू, पुसणी, पॉलिश अशा वस्तू यजमानीणबाईंच्या घरी शेजारणी जमवून विकत असे. या कंपनीच्या विक्रेत्यांत दोन असामान्य स्त्रिया होत्या. एक ब्राउनी वाइज. त्यांनी हे तंत्र टपरवेअरला दिले आणि १९५० च्या दशकात प्लॅस्टिकचे डबे अमेरिकेच्या घराघरांत पोहोचवले. दुसऱ्या मेरी के अॅश.

१६/
मेरी के यांनी स्वतः सांगितलेली हकिगत रंजक आहे. एका घरगुती विक्री-मेळाव्यात जमलेल्या स्त्रियांची त्वचा त्यांना विलक्षण नितळ दिसली. यजमानीण आपल्या वडिलांच्या पाककृतीवरून केलेले मलम सर्वांना देत असे. वडील कातडी कमावण्याच्या व्यवसायात होते. कमावण्याच्या द्रावणात बुडून आपले हात तरुण राहिले आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी ते चेहऱ्यासाठी वापरले, अशी ही कथा. मेरी के यांनी त्या पाककृतीचे हक्क विकत घेतले आणि सप्टेंबर १९६३ मध्ये पाच हजार डॉलरच्या बचतीवर डॅलस येथे कंपनी सुरू केली.

१७/
त्यांची खरी देणगी मलम नव्हे, पद्धत होय. पाच-सहा स्त्रिया एका घरी जमत. प्रत्येकीपुढे एक आरसा. सल्लागार बाई प्रथम चेहरा धुवायला लावीत, मग क्रमाने एकेक बरणी. या बैठकीला त्या ‘स्किन केअर क्लास’ म्हणत. म्हणजे विक्रीला वर्गाचे रूप. आपल्याकडे हळदीकुंकवाला गेलेली सुवासीण घरी वाण घेऊन येते. येथे पाहुणी स्वतःच्या पैशाने बरणी घेऊन जाई. यजमानीण मैत्रीण असल्याने ‘नको’ म्हणणे अवघड. आरसे, मैत्रिणी, ठरलेला क्रम आणि शेवटी पिशवी : आजच्या स्किनकेअर-पार्टीचा संपूर्ण आराखडा येथे तयार आहे. फक्त पाहुण्यांचे वय घटायचे बाकी होते.

१८/
ते घटवण्याचे काम १९८० आणि १९९० च्या दशकांत झाले. ना धड लहान, ना धड मोठ्या अशा साधारण आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी जाहिरात-व्यवसायाने ‘ट्वीन’ ही संज्ञा रूढ केली. आई-वडील दोघेही नोकरीला जात असल्याने वाढदिवस घराबाहेर, भाड्याच्या जागेत साजरे होऊ लागले. पार्टीला ‘थीम’ लागू लागली. २००० मध्ये क्लब लिबी लू उघडले, तेव्हा तिन्ही धागे एका गाठीत बांधले गेले. २००३ मध्ये सॅक्स या बड्या कंपनीने ही साखळी विकत घेतली. पुढे मंदीच्या तडाख्यात, २००८ च्या अखेरीस, सॅक्सने ती बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. दुकाने गेली, कल्पना उरली.

१९/
या दुकानांवर तेव्हाही टीका झाली. मुलींना वेळेआधी मोठे केले जाते, असा आक्षेप होता. न्याय्य बोलायचे तर मुलींना तेथे खरोखर मजा येत असे, आणि नटण्यातील आनंद ही काही कंपन्यांची निर्मिती नव्हे. चमकीही टिंकरबेलच्याच परंपरेतली होती : घरी जाऊन धुतली की गेली. माझ्या मते खरा बदल त्यानंतर, ‘स्पा’ पार्टीने घडवला. नटण्याऐवजी निगा आली. आई-वडिलांना ते उलट सुरक्षित वाटले. मेकअप नाही, निव्वळ स्वच्छता! एकोणिसाव्या शतकातला जुना भेद दीडशे वर्षांनी पुन्हा उपयोगी पडला.

२०/
२०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या प्रारंभी ‘सेफोरा किड्स’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला. महागड्या प्रसाधनांच्या दुकानांत दहा-बारा वर्षांच्या मुलींची झुंबड उडाली होती. त्यांची एक आवडती नाममुद्रा ‘ड्रंक एलिफंट’. जपानच्या शिसेइडो कंपनीने ती २०१९ मध्ये ८४.५ कोटी डॉलरला विकत घेतली होती. रंगीबेरंगी झाकणांच्या त्या बाटल्यांपैकी काहींत रेटिनॉल किंवा आम्ले असतात, म्हणजे प्रौढ त्वचेवरील वयाच्या खुणा कमी करण्यासाठी वापरले जाणारे घटक.

२१/
दहा वर्षांच्या त्वचेला त्यांचा उपयोग काय? काहीच नाही. रेटिनॉल त्वचेच्या पेशींची उलाढाल वेगवान करते. बालवयात ती मुळातच वेगवान असते. लाली, दाह, सालपटे निघणे आणि उन्हाचा अधिक त्रास हे धोके मात्र खरे आहेत, असे त्वचारोगतज्ज्ञ बजावतात. जून २०२५ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ७ ते १८ वर्षांच्या मुलींनी टिकटॉकवर टाकलेल्या १०० चित्रफिती त्यांनी तपासल्या. सरासरी सहा उत्पादने, महिन्याचा सरासरी खर्च १६८ डॉलर. दिवसा करायच्या निगेच्या चित्रफितींपैकी केवळ २६ टक्क्यांत सनस्क्रीन होते. म्हणजे ज्याची खरोखर गरज, तेच बहुतेकींच्या यादीत नाही.

२२/
समाजाने प्रत्युत्तर देण्याचा प्रयत्न केला. २०२४ मध्ये स्वीडनमधील ‘अपोटेक यार्टाट’ या औषधदुकानांच्या साखळीने काही तीव्र त्वचा-उत्पादनांसाठी १५ वर्षांची वयोमर्यादा घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात १३ वर्षांखालील मुलांना अशी उत्पादने विकण्यास मनाई करणारे विधेयक मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही. दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने १९३८ नंतरची पहिली मोठी सुधारणा करून प्रसाधनांवरील नियंत्रण कडक केले होते.

२३/
येथे इतिहास एक मर्यादा दाखवतो. १९३८ च्या कायद्याने डबीतील विष पकडले. ते मोठे काम होते, त्याने डोळे वाचवले, जीव वाचवले. पण डबी निर्धोक असली तरी तिच्याबरोबर येणारा समज निर्धोक असतोच असे नाही. ‘तुझ्या चेहऱ्यात काहीतरी बिघडणार आहे, आतापासून दुरुस्ती सुरू कर,’ हा समज कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येत नाही. वाढदिवस हा वर्ष मिळवल्याचा उत्सव आहे. त्याच दिवशी दहा मेणबत्त्यांपुढे बसलेल्या मुलीच्या हातात वार्धक्य रोखणारी बरणी ठेवली जाते, यातील विसंगती दिसण्यासाठी कायद्याची गरज नाही.

२४/
म्हणून ‘मुली हल्ली लवकर मोठ्या होतात’ एवढे म्हणून सुस्कारा टाकणे हा इतिहास नव्हे. वर्गखोली, आरसा, मासिक, टिंकरबेलची बाटली, मेरी के यांची बैठक : प्रत्येक टप्प्यावर माणसांनी काही निर्णय घेतले आणि त्यांतून ही पार्टी घडली. जे निर्णयांनी घडले, ते निर्णयांनी बदलूही शकते.

२५/
वाचकहो, शेवटी एक गृहपाठ. आपल्या आजीला, आईला आणि असल्यास धाकट्या बहिणीला एकच प्रश्न विचारा : चेहऱ्याला पहिल्यांदा काही लावले ते कोणत्या वयात, काय लावले आणि परवानगी कोणाची होती? तिन्ही उत्तरे तारखेसह वहीत लिहून ठेवा. ब्रुम्बर्ग यांचा ग्रंथ अशाच साध्या मुलींनी लिहून ठेवलेल्या वह्यांमधून उभा राहिला होता. थ्रेड समाप्त.